तांबड्याच्या पोटातली पोत

ढोरांचा डॉक्टर म्हणून माझ्या उमेदीची बहुतेक वर्षं वर्धा जिल्ह्यात गेली. दवाखान्याच्या पाटीवर आमचा हुद्दा चांगला लांबलचक रंगवलेला होता, पण तो वाचतो कोण? "ढोराचे डाक्टर हायेत काय?" असं लोक दारातून ओरडत आणि मी आतून "आहेत, आहेत" असं ओरडायचो. केळझरच्या अलीकडे, मोठ्या रस्त्यापासून थोडं आत, कौलारू दोन खोल्या आणि समोर एक कडुनिंब एवढाच तो दवाखाना. माणसं दोन, मी आणि कंपाउंडर.

कापसाच्या मुलखातला बैल तार खाऊन मरतो. हे मला कॉलेजात शिकवलं होतं, पण किती मरतात ते तिथं आल्यावर समजलं. कापूस घेऊन बैलबंड्या सिंदीला नाहीतर वर्ध्याला जिनिंगवर जायच्या. नंबर लागेपर्यंत बैल आवारात उभे. गाठी बांधायच्या तारेचे तुकडे, खिळे, पत्र्याच्या चिपा, सगळं तिथल्या कुटारात, म्हणजे भुशात, मिसळलेलं. बैल काही निवडून खात नाही. आधी गिळतो आणि मग निवांत रवंथ करत बसतो. लोखंड जड, ते पोटाच्या दुसऱ्या कप्प्यात जाऊन पडतं, आणि तो कप्पा असतो काळजाला अगदी लागून. तार सरकली की काळजात शिरते. चांगला धडधाकट बैल झुरत झुरत जातो आणि कास्तकार म्हणतो, कोणाची तरी नजर लागली.

हे लोखंड बाहेरून ओळखायचं यंत्र मी नागपूरला शिकताना पाहिलं होतं. नामांकित परदेशी कंपनीचं. हिरवी पेटी, काट्याची तबकडी आणि दांड्याला लावलेली एक गोल थाळी. थाळी बैलाच्या डाव्या कोपराजवळ धरली आणि आत धातू असला की पेटी 'कुंऽऽ' करायची. आमचे सर ते यंत्र स्वतःच्या कपाटात ठेवत आणि आम्हाला लांबूनच दाखवत. तसलं एक मला मिळावं म्हणून मी नोकरीला लागल्यापासून वर लिहीत राहिलो. शेवटी एका मार्चमध्ये, साहेब लोकांना पैसे संपवायची घाई होते त्या दिवसांत, माझं यंत्र आलं.

पेटी हिरवी. तबकडी तीच, थाळी तीच, नावही त्याच तिरप्या वळणाच्या अक्षरात. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! मग कंपाउंडरने सेल घालायला मागचं झाकण उघडलं, तर आत आपल्या साध्या ट्रान्झिस्टरचे सेल ठेवायचा लाल प्लास्टिकचा खोका. स्क्रू गंजलेले. नावाची चिकटपट्टी पहिल्याच उन्हाळ्यात सुटून आली. कोणी तरी कुठल्या तरी गल्लीत बसून परदेशी यंत्राचं हुबेहूब सोंग उभं केलं होतं आणि खरेदी करणाऱ्याला ते स्वस्तात पडलं होतं. आतल्या कामाची चौकशी कोण करतो?

बरं, ते बंद पडलेलं असतं तर मी फेकून तरी दिलं असतं. पण ते चालायचं. भलतंच चालायचं. बैलाला उभं करायचा आमचा खोडा लोखंडी पाइपांचा, त्यात बैल घातला की यंत्र थांबायचंच नाही. म्हणून बैल कडुनिंबाला बांधायचा. गळ्यातली घंटी काढायची, साखळी काढायची, खुरांच्या नालांपासून थाळी लांब ठेवायची. मी घड्याळ, किल्ल्या आणि पट्टा काढून ठेवायचो. तेव्हा मी काडीसारखा होतो, त्यामुळे एका हातात थाळी आणि दुसऱ्या हातात पँट, असा तपास चालायचा. इतकं करून ऊन चढलं की यंत्र आपल्या मनाने ओरडायला लागे. एकदोनदा तर त्यातून रेडिओवरचे कापसाचे भाव ऐकू आले. कंपाउंडर म्हणाला, "सायेब, आता याले एरियल लावू, मॅच तरी ऐकाले मिळन." माझी तळपायाची आग मस्तकात गेली होती, तरी हसू आलंच.

पण गावांना याचं काय! चार-पाच बैलांच्या पोटातून मी खरोखर खिळे काढले, ते बैल जगले आणि यंत्राचं नाव झालं. श्रेय सगळं पेटीला. सिंदीपासून लोक जनावरं घेऊन यायला लागले. एक बाई गाभण म्हैस घेऊन आली आणि पोटात वगार आहे की हल्या ते मशीनला विचारा म्हणाली. दोघे जण शेतातलं गुप्तधन शोधायला मशीन मागायला आले, त्यांना मी असं हाकललं की त्यांची एक चप्पल दवाखान्यातच राहिली.

त्या साली पोळा झाला आणि आठवड्याभराने एक बंडी दारात उभी राहिली. बंडीला एक तांबडा आणि एक पांढरा, देखणी जोडी. शिंगांवरचं बेगड अजून तसंच होतं. बंडी हाकत होता तिशीचा एक कास्तकार. मागे त्याची म्हातारी आई बसलेली, ताठ, कपाळ उघडं. तिच्या बाजूला त्याची बायको, डोक्यावरचा पदर गळ्याभोवती घट्ट ओढून. बोलली ती म्हातारीच. उतरायच्या आधीच बोलायला लागली.

"डाक्टरसायेब, या तांबड्यानं माह्या सुनेची पोत खाल्ली. सोन्याच्या डोरल्याची. तुमच्या मशीनचं नाव आयकून आलो."

पोत म्हणजे काळ्या मण्यांचं मंगळसूत्र. म्हातारीने सांगितलं ते असं. त्यांच्या घरी रीत होती की पोळ्याला वेशीच्या तोरणाखालून बैल घरी आले की घरच्या सुनेनं त्यांचे पाय धुवायचे, ओवाळायचं, आणि गळ्यातली पोत काढून बैलाच्या कपाळाला लावायची. मग ती ताटात ठेवून त्याच ताटातून त्याला पुरणपोळी भरवायची. सुनेनं तसं केलं, हळदीकुंकवाची वाटी घ्यायला वळली, आणि परत बघते तर ताटात पोळीही नाही आणि पोतही नाही. घरच्यांनी त्या दिवसापासून तांबड्याचं शेण पाण्यात कालवून, चाळणीतून गाळून पाहिलं होतं. काही निघालं नव्हतं.

हे मला नवं नव्हतं. पोळा झाला की असं एखादं प्रकरण यायचंच. ताटात पोळीच्या शेजारी सोनं ठेवायचं आणि बैलाने सोनं बाजूला सारून पोळी खावी अशी अपेक्षा करायची, याला काय म्हणावं! मी तसं बोलूनही दाखवलं. म्हातारीने मला मध्येच थांबवलं.

"सोन्याचं जाऊ द्या हो. बाईच्या गळ्यात पोत नाई म्हंजे काय, तुमाले समजत नाई काय? माह्या पोराच्या जिवाचा सवाल हाये. हप्ता झाला, हे अशी हिंडून राह्यली. मले रात्री डोळ्याले डोळा नाई."

ती खरोखर घाबरलेली होती. तिचा नवरा गेलेला, एकुलता एक मुलगा समोर उभा, आणि सुनेचा गळा मोकळा. तिच्या हिशेबात त्या मोकळ्या गळ्यातून काहीही घडू शकत होतं. मी चेष्टा थांबवली.

तांबड्याला कडुनिंबाला बांधलं. डोळे स्वच्छ, नाकपुडी ओली, रवंथ चालू, ताप नाही. बैल ठणठणीत होता. मी पट्टा काढला, घड्याळ काढलं आणि थाळी त्याच्या डाव्या कोपरामागे धरली. पेटी कोकलली. थोडी वर सरकवली, आवाज गेला. परत खाली आणली, परत कोकलली.

म्हातारीने हात जोडले. "सापडली वो माय!"

सुनेकडे माझं सहज लक्ष गेलं. मला वाटलं होतं तिला आनंद होईल. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला वाटलं, बिचारी बैलाच्या काळजीने घाबरली. नवरा दावं हातात धरून उभा होता, त्याने मान वर केली नाही.

आता माझी अडचण सुरू झाली. या यंत्राची जात मला माहीत होती. म्हणून मी पांढऱ्यालाही तपासायचं ठरवलं. त्याने तर पोत खाल्लेली नव्हती. थाळी धरली. पेटी तशीच कोकलली, त्याच जागी!

"बघा आजी," मी म्हणालो, "हा पण वाजतो. जिनिंगवर उभा राहिलेला कुठलाही बैल वाजेल. या मशीनला खिळा आणि सोनं यातला फरक कळत नाही."

म्हातारीने क्षणभर विचार केला. "मंग दोघायनं अर्धी अर्धी खाल्ली असन."

मी कपाळावर हात मारला. कंपाउंडर हसू दाबायला आत निघून गेला.

"अहो आजी, ही मशीन नकली आहे. खऱ्याची नक्कल आहे नुसती. हिच्यावर भरवसा ठेवू नका."

"सरकारी दवाखान्यात नकली मशीन कायले ठेवतीन?" ती म्हणाली. "अन् खिळे काढता तवा कोनती मशीन पाह्यता? तवा नकली नाई होत काय?"

पाच बैलांचे खिळे मी याच पेटीच्या आवाजावर काढले होते. आणि दुसरीही गोष्ट होती. तांबड्याच्या बाबतीत आवाज नेमका काळजाशेजारी येत होता आणि चांगला मोठा येत होता. पोत नसेल, पण तार असेल तर ती आज ना उद्या त्याला मारणार होती. पोट उघडणं अगदीच वेडेपणाचं ठरलं नसतं. उलट, न उघडता परत पाठवला आणि दिवाळीपर्यंत मेला तर?

मी नवऱ्याला बाजूला घेऊन सगळं नीट सांगितलं. डावी कूस कापावी लागेल. पोटात कोपरापर्यंत हात घालून शोधावं लागेल. वरून टाके पडतील. बहुतेक जनावरं यातून उठतात, पण सगळी उठत नाहीत. पू झाला तर बैल जातो. उठला तरी बराच काळ कामाला लावता येणार नाही. "बैल तुझा आहे," मी म्हणालो, "सांग काय करू?"

तो खाली बघत म्हणाला, "आई म्हनते तसं करा."

एवढा बाप्या माणूस, स्वतःचा बैल, आणि आई म्हणते तसं! मला राग आला, पण मालकाने होकार दिला की माझं काम सुरू होतं. कंपाउंडरने स्टोव्ह पेटवून हत्यारं उकळायला ठेवली. मी तांबड्याच्या कुशीवरचे केस वस्तऱ्याने काढले, साबणाने धुतलं, टिंक्चर लावलं. पिवळट तपकिरी ओघळ त्याच्या पोटावरून खाली आले. त्याने एकदा मागे वळून पाहिलं आणि परत रवंथ करायला लागला.

सून त्याच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली होती. त्याच्या गळ्याची लोंबती पोळी खाजवत होती. पहिल्यांदाच बोलली.

"दुखन काय त्याले?"

"सुन्न करतो ना आधी. सुई टोचेल तेवढीच."

"जगन ना तो?"

"जगायला पाहिजे," मी म्हणालो. याच्यापेक्षा जास्त मला सांगता येण्यासारखं नव्हतं.

तिने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा दाव्याची गाठ पाहत होता. मी सुन्न करायच्या औषधाची सुई कुशीत घातली, एकदा, दोनदा, वरून खालपर्यंत. तांबड्याची कातडी थरथरली. प्रत्येक टोचणीला ती नवऱ्याकडे बघत होती आणि तो गाठीकडे. मला वाटलं, नवराबायकोचं काही भांडण असेल, आपल्याला काय करायचंय! कंपाउंडर उकळलेल्या हत्यारांचा ट्रे घेऊन आला. मी हात धुतले. सुरी उचलली आणि कुठून चिरायचं ते बोटाने मोजत होतो.

"थांबा." ती मध्ये आली. मध्ये म्हणजे, माझ्या आणि बैलाच्या मध्ये, टिंक्चरला पाठ लावून. "नका कापू डाक्टरसायेब. पोत नाई त्याच्या पोटात."

"अव बाई, मशीन वाजली ना!" म्हातारी ओरडली.

"मशीन वाजो नाईतर फुटो. पोत यानं खाल्लीच नाई. ताटात पोत नोहतीच, आत्याबाई. पोळ्याच्या आधीच गेलती. मी नुसतं तांबड्याचं नाव सांगतलं."

माझ्या हातातली सुरी तशीच वर.

"गेलती म्हंजे? कोठी गेलती?" म्हातारीने विचारलं.

ती नवऱ्याकडे वळली. आवाज चढवला नाही. "तुमी सांगता काय?"

आता मला कळलं, इतका वेळ ती कशाची वाट पाहत होती. वस्तरा फिरला, टिंक्चर लागलं, सुया टोचल्या, सुरी निघाली. प्रत्येक वेळी तिला वाटत होतं की आता तरी हा तोंड उघडेल. त्याने आताही उघडलं नाही. दावं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं, बस्स.

तेव्हा तिनेच सांगितलं. आमच्याकडे पोळ्याच्या आगेमागे पत्त्यांचे फड बसतात. शेतात, नाल्यात, कुठल्या तरी आंब्याखाली. एरवी सुपारीसुद्धा न खाणारी माणसं त्या दिवसांत जुगाराला बसतात, पोळ्याचा जुगार म्हणून त्याचं कोणाला वावगंही वाटत नाही. हा बैलांचे खांदे शेकायच्या दिवशी बसला, हरत गेला आणि दुपारी घरी येऊन बायकोच्या पाया पडला. संध्याकाळपर्यंत परत आणून देतो, आईची शपथ. तिने पोत काढून दिली. संध्याकाळी तो तोंड लपवून आला. दुसऱ्या दिवशी पोळा. गळ्यावर पदर ओढून किती वेळ लपवणार? ओवाळायच्या वेळी सासूसमोर पोत काढावीच लागणार होती. मग सासू यायच्या आधीच तिने पोळी तांबड्याला भरवून ताट रिकामं केलं आणि पोतीसाठी त्याचंच नाव घेतलं. आठवडाभर शेण गाळलं जाईल, काही निघणार नाही, हळूहळू लोक विसरतील, असा तिचा हिशेब. माझी पेटी तिच्या हिशेबात नव्हती. तिचं खोटं त्या पेटीने कोकलून खरं करून टाकलं होतं.

म्हातारी सुनेच्या अंगावर धावून गेल्यासारखी पुढे आली. मुलाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मुक्या जनावरावर आळ घेतला तुनं? जो वर्षभर आपल्यासाठी राबते, त्याच्यावर? सनाच्या दिवशी? लाज नाई वाटली?"

मला वाटलं, आता सून रडेल. माझंच पित्त खवळलं होतं, मी काहीतरी बोलणार होतो. पण ती शांत होती.

"बैल बोलत नाई, म्हून त्याच्यावर घेतला," ती नवऱ्याकडे बघत म्हणाली. "हे बी बोलत नाईत, आत्याबाई. पन यायले कापाले कोनी कडूनिंबाले बांधत नाई."

कंपाउंडरने ट्रे खाली ठेवला.

म्हातारी पहिल्यांदा मुलाकडे वळली. "खरं हाये काय रे?"

"हो," तो म्हणाला. दवाखान्यात आल्यापासूनचं त्याचं हे दुसरं वाक्य. पहिलं होतं, आई म्हणते तसं करा.

"त्याच्या पाया पड," म्हातारी म्हणाली, बैलाकडे बोट दाखवून.

तो वाकला. तांबड्याच्या पुढच्या पायांना हात लावून कपाळाला लावला. बैलाची कूस बधिर झाली होती, टिंक्चर वाळत होतं. त्याने बिचाऱ्याने नुसता कान हलवला.

"अन् आता हिच्या."

म्हातारीने सुनेकडे बोट केलं. मी मान दुसरीकडे वळवायला पाहिजे होती, पण वळवली नाही. तो उभा राहिला. बायकोच्या दिशेने एक पाऊल टाकलं. एकांतात, पोत मागताना, तो याच पायांशी वाकला होता. इथं मी होतो, कंपाउंडर होता, रस्त्यावरून जाणारे दोघे थांबले होते. त्याचे गुडघे काही वाकले नाहीत.

तिने वाट पाहिली नाही. तांबड्याचं दावं सोडलं आणि त्याला हळूहळू, त्याच्या चालीने, बंडीकडे घेऊन गेली.